समुद्री शेवाळापासून इंधन : गोव्याच्या किनाऱ्यावर इथेनॉल परवडते की गॅस?

रापणकार (धागाकर्ता)

गोव्याचा किनारा जुन्या मोजणीप्रमाणे सुमारे १०५ किलोमीटर, पण समुद्री शेवाळ सगळीकडे मिळत नाही. कळंगुट किंवा कोलव्यासारख्या वाळूच्या लांब पट्ट्यांवर त्याला धरायला काहीच नसते, त्याला खडक लागतो. हणजुणे, वागातोर, दोनापावला, काब द राम आणि काणकोण तालुक्यातले तुटक खडकाळ भाग, एवढाच खरा साठा. पावसाळा सरून पाणी निवळले की वाढ धरते, डिसेंबर ते फेब्रुवारी भर असतो आणि एप्रिल-मेच्या उन्हात ओहोटीला उघडे पडणारे खडक बरेचसे ओसाड होतात.

शेवाळ आंबवून इंधन करण्याचा विषय इथे वरचेवर निघतो आणि दोन-चार प्रतिसादांत विरतो. यावेळी कुठले शेवाळ, कुठली पद्धत, किती माल आणि किती ऊर्जा हे आकड्यांसकट एका जागी येऊ द्या. ज्यांनी यात हात घातला आहे त्यांनी प्रमाणे द्यावीत ही विनंती.

मालाबद्दल मी सांगतो. आपल्या कामाची तीन कुळे. हिरव्यात उल्वा, पातळ लेट्यूससारखे किंवा केसाळ नळ्यांचे. लाल गटात ग्रॅसिलेरिया आणि हिप्निया. तपकिरीत सरगॅसम, हवेच्या बारीक फुग्यांचे झुडूप, वजनाने सगळ्यात जास्त हेच मिळते. पाडिना पंख्यासारखी दिसते, तीही भरपूर असते, पण तिच्या अंगावर चुन्याचा थर असतो. ती घेऊ नका. अ‍ॅसिड टाकले की फसफसते आणि अर्धे अ‍ॅसिड त्या चुन्यातच संपते. उल्वाला चिकटलेले बारीक शंख-शिंपलेही याच कारणासाठी वेचून काढावे लागतात.

किनाऱ्यावर वाहून आलेले ताजे शेवाळ आधी घ्यावे. खडकावरचे कापायचेच असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या खोल ओहोटीला जाऊन, बुडाची चकती खडकावर ठेवून वरचा भाग विळ्याने कापावा. उपटले तर त्या खडकावर पुन्हा वाढ यायला फार वेळ लागतो. सरगॅसमच्या झाडीत माशांची पिल्ले आणि कोळंबी आसरा घेतात. इंधनासाठी ती झाडी साफ करणे मला पटत नाही.

आंबवण

चांगला धागा. साखर किती हे नंतर बघू, आधी कुठली साखर ते बघायला हवे, कारण बहुतेक प्रयोग इथेच अडतात. बेकरीचे यीस्ट ग्लुकोज झटपट खाते. ग्लुकोज संपले की गॅलॅक्टोजकडे सावकाश वळते. शेवाळातल्या इतर बहुतेक साखरांना ते तोंड लावत नाही.

उल्वामध्ये थोडा स्टार्च आणि थोडे सेल्युलोज असते, दोन्हींतून ग्लुकोज मिळते. त्याच्या पेशीभित्तीत उल्वान नावाचा गंधकयुक्त पदार्थ असतो, तो ऱ्हॅम्नोज, झायलोज आणि युरॉनिक आम्लांचा बनलेला. साध्या यीस्टला तो निरुपयोगी. ग्रॅसिलेरियात आगार, म्हणजे जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ. त्याचा निम्मा भाग गॅलॅक्टोज, निम्मा ३,६-अनहायड्रोगॅलॅक्टोज. हा दुसरा भाग यीस्ट खात नाही, शिवाय तापलेल्या अ‍ॅसिडात तो मोडून हायड्रॉक्सीमिथाइल फर्फ्युरल तयार होते आणि ते यीस्टला मारक असते.

सरगॅसमची अडचण सर्वांत मोठी. त्यात मुख्यतः अल्जिनेट आणि मॅनिटॉल. अल्जिनेट म्हणजे युरॉनिक आम्लांची साखळी, यीस्टसाठी बाद. मॅनिटॉल पचवताना पेशीत जादा हायड्रोजन साठतो, तो उतरवायला थोडा ऑक्सिजन लागतो. हवा बंद केली तर काम थांबते, जास्त दिली तर अल्कोहोलऐवजी यीस्टच वाढते. पिचिया अँगोफोरी ही यीस्टची जात मॅनिटॉल आणि लॅमिनारिन दोन्ही आंबवते, पण हवेचे प्रमाण काटेकोर सांभाळावे लागते.

थंड समुद्रातल्या केल्पवरचे (मोठ्या तपकिरी शेवाळावरचे) परदेशी आकडे गोव्याच्या सरगॅसमला लावू नका. केल्पमध्ये हंगामात लॅमिनारिन, म्हणजे ग्लुकोजचाच साठा, भरपूर असतो. आपल्याकडच्या सरगॅसममध्ये तो फारसा नसतो. २०१२ साली अमेरिकेत ई. कोलाय जिवाणूत जनुके घालून तपकिरी शेवाळातले अल्जिनेट, मॅनिटॉल आणि ग्लुकोज एकत्र आंबवले गेले, ४.७ टक्के इथेनॉल मिळाले. तो जिवाणू बाजारात मिळत नाही, आणि यीस्टच्या पाकिटातून तो निकाल निघणार नाही.

टीवायबीएस्सी

उल्वावर प्रकल्प करायचा आहे. कॉलेजात ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने तापवणारे यंत्र) आणि पीएच मीटर आहे, एचपीएलसी (साखरा वेगवेगळ्या करून मोजणारे यंत्र) नाही. १ लिटरसाठी प्रमाण सांगाल का?

परीक्षानळी

सांगते. किनाऱ्यावरच समुद्राच्या पाण्यात वाळू झाडून घ्या, म्हणजे गोडे पाणी वाया जात नाही. मग १ किलो ओल्या उल्वाला ३ लिटर गोडे पाणी, दोन-तीन मिनिटे हलवून लगेच उपसा. तासन्‌तास भिजत ठेवायचे नाही. जाळीवर पसरून उन्हात कुरकुरीत वाळवा, मिक्सरमध्ये दळा, चाळा. ओल्या मालात ८० ते ९० टक्के पाणी असते, म्हणून १०० ग्रॅम पुडीसाठी पाऊण ते एक किलो ओला माल लागेल असे धरून चला.

१०० ग्रॅम पूड, ९०० मिलिलिटर पाणी. पूड पाण्यात नीट भिजली की वरून १० मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिड हळूहळू सोडा. अ‍ॅसिड पाण्यात घालायचे, पाणी अ‍ॅसिडात कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. एकूण १ लिटर करा. हे बोरोसिलिकेट बाटल्यांत दोन-तृतीयांशच भरा, झाकण सैल ठेवा, १२१ अंशांवर ३० मिनिटे. ऑटोक्लेव्ह नसेल तर प्रेशर कुकर चालतो, पण काचेची बाटली आत ठेवून. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात अ‍ॅसिड थेट ओतायचे नाही. तासभर ठेवले तर साखर जास्त मिळेल असे वाटते, प्रत्यक्षात मिळालेली साखर मोडायला लागते आणि द्रावण काळपट होते.

थंड झाल्यावर पीएच ५ वर आणा, विझवलेल्या चुन्याने. १० मिलिलिटर अ‍ॅसिड म्हणजे सुमारे १८.४ ग्रॅम, त्याला हिशेबाने १४ ग्रॅम चुना लागतो. उल्वातले क्षार आणि उरलेले शंख थोडे अ‍ॅसिड आधीच खातात, म्हणून १० ग्रॅमपासून मीटर बघत वाढवा. जिप्सम सुमारे ३० ग्रॅम खाली बसेल. कापडाने गाळा आणि तो गाळ दाबून पिळा, त्यात बरीच साखर अडकते. कॉस्टिक सोड्याने पीएच वाढवणे सोपे आहे हे खरे, पण मग सोडियम सल्फेट द्रावणातच राहते आणि आधीच खारट असलेले पाणी यीस्टला आणखी जड होते.

गाळलेल्या पाण्यात अर्धा ग्रॅम युरिया, अर्धा ग्रॅम डीएपी खत. उकळी आणून ३२ अंशांवर निववा. १ ग्रॅम कोरडे यीस्ट ३५ ते ३८ अंशांच्या साध्या पाण्यात १५ मिनिटे फुगवून घाला. थेट खाऱ्या द्रावणात टाकले तर निम्म्या पेशी आधीच मरतात. बाटलीला नळी लावून तिचे टोक पाण्यात बुडवा. ३० ते ३२ अंश, ४८ ते ७२ तास.

टीवायबीएस्सी

खूप धन्यवाद. साखर डीएनएस चाचणीने (रंग बघून साखर मोजायच्या) मोजली तर चालेल ना?

आंबवण

एकट्या डीएनएसवर विसंबू नका. ही चाचणी क्षपणक्षम गट मोजते. युरॉनिक आम्ले, ऱ्हॅम्नोज, झायलोज, अनहायड्रोगॅलॅक्टोज सगळे त्यात येते, म्हणून आकडा फुगतो. उलट मॅनिटॉल तिला दिसतच नाही. ३० ग्रॅम प्रति लिटर साखर दाखवणाऱ्या द्रावणात यीस्टच्या उपयोगाची १५ ग्रॅमही नसू शकते. मग विद्यार्थी यीस्ट बदलत बसतात आणि दोष यीस्टचा नसतो. ग्लुकोजसाठी ग्लुकोज ऑक्सिडेजचे किट वापरा, रक्तशर्करा तपासणाऱ्या प्रयोगशाळांत हेच अभिकर्मक असते. पीएच ७ जवळ आणून, पातळ करून मोजा.

ब्रिक्स मीटरही फसवतो, मीठ त्यात साखरेसारखेच वाचले जाते.

इथेनॉल मोजायला सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे तराजू. १ ग्रॅम इथेनॉलमागे ०.९६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून जातो. बाटली नळीसकट रोज तोला. १ लिटरमध्ये ७.७ ग्रॅम वजन घटले तर ८ ग्रॅम इथेनॉल झाले. त्यासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा तराजू हवा. शेजारी यीस्ट न घातलेली तशीच एक बाटली ठेवा, म्हणजे बाष्पीभवनाची घट वजा करता येते.

गॅलॅक्टोजवर काम करणार असाल तर विरजणच गॅलॅक्टोजच्या माध्यमात वाढवा, म्हणजे यीस्ट त्या साखरेला आधीच सरावलेले असते. क्लुव्हेरोमायसिस मार्क्सियानस हे यीस्ट आणखी एक पर्याय. खात्रीच्या जाती पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मजीव संग्रहातून मागवता येतात.

काजूबोंड

भाटीच्या (दारू गाळायच्या भट्टीच्या) बाजूने बोलतो, कारण शेवाळवाल्यांचा हिशेब तिथे कोसळतो.

परीक्षानळी ताईंच्या पद्धतीने १०० ग्रॅम पुडीतून यीस्टच्या कामाची साखर २० ग्रॅम निघाली असे धरू, हा चांगला निकाल मानायला हवा. कागदावर १ ग्रॅम साखरेमागे ०.५१ ग्रॅम इथेनॉल, प्रत्यक्षात त्याचे ८० टक्के. म्हणजे लिटरमागे ८ ग्रॅम, आकारमानाने १ टक्का. काजूच्या आंबलेल्या रसात याच्या कितीतरी पट अल्कोहोल असते, म्हणून भाटी परवडते.

आता १०० लिटर असे सपक द्रावण घ्या. त्यात १ लिटर इथेनॉल, त्याची उष्णता २१ मेगाज्यूल. २८ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायलाच ३० मेगाज्यूल लागतात. पुढे त्यातल्या अल्कोहोलपैकी ९० टक्के बाहेर काढायचे तर साधारण २० लिटर वाफ करावी लागते, त्याला ४५ मेगाज्यूल. झाले ७५. हाती काय आले, तर २० लिटर, साडेचार टक्क्यांचे. अजून हुर्राकाच्या (काजूच्या पहिल्या, सौम्य दारूच्या) जवळपासही नाही. ऑटोक्लेव्हची उष्णता मी यात धरलीच नाही.

उष्णता फिरवून वापरली, ऊर्ध्वपातनाचा स्तंभ लावला, तर खर्च खूप खाली येतो, पण १ टक्क्याच्या द्रावणाला कुठलाच स्तंभ वाचवत नाही. कारखान्यांना किमान ४ ते ५ टक्के तरी लागतात. त्यापुढे ९५.६ टक्के वजनाला येऊन ऊर्ध्वपातन अडते. पेट्रोलमध्ये मिसळायला ९९.५ टक्के लागते, त्यासाठी उरलेले पाणी शोषणारी ३ए जातीची आण्विक चाळणी. आणि परवान्याशिवाय भाटी लावणे हा गोव्यात अबकारी कायद्याखाली गुन्हा आहे, ते इंधनासाठी असले तरी. कॉलेजने प्रयोगापुरतेही आधी खात्याला विचारावे.

परीक्षानळी

हिशेब बरोबर आहे. द्रावण दाट करणे एवढाच उपाय. पण उल्वाची पूड १५ टक्क्यांच्या वर नेली की लापशी होते, ढवळत नाही, मध्ये अ‍ॅसिड पोचत नाही. पूड टप्प्याटप्प्याने घालावी लागते, आणि मीठही त्याच पटीने वाढते. सुक्या समुद्री शेवाळात २० ते ४० टक्के राख असते हे लोक विसरतात.

एक मार्ग अजून आहे. उल्वा काही दिवस पोषकद्रव्ये कमी असलेल्या समुद्राच्या पाण्यात, उजेडात ठेवले तर ते वाढ थांबवून स्टार्च साठवते. टाकीत करता येण्याजोगे आहे, किनाऱ्यावर नाही.

गोबरगॅस_फोंडा

मग हाच माल गॅसच्या टाकीत घाला. आंबवणेच ते, फक्त यीस्टऐवजी शेणातले जिवाणू. त्यांना अल्जिनेट चालते, मॅनिटॉल चालते, उल्वानही बऱ्यापैकी चालते. वाळवणे नाही, अ‍ॅसिड नाही, ऊर्ध्वपातन नाही. गॅस आपोआप पाण्यातून वर येतो.

तुलना करा. १ किलो सुक्या उल्वातून वरच्या हिशेबाने १०० मिलिलिटर इथेनॉल, म्हणजे २ मेगाज्यूल. त्याच १ किलोत राख वजा जाता ७०० ग्रॅम सेंद्रिय भाग. किलोमागे २०० लिटर मिथेन धरा (उल्वासाठी १५० ते २५० ही साधारण कक्षा), तर १४० लिटर मिथेन, म्हणजे ५ मेगाज्यूल. आणि ते मिळवायला वेगळी उष्णता द्यावी लागत नाही, गोव्याच्या हवेत टाकी वर्षभर कोमटच असते.

मात्र मोठी स्वप्ने इथेही नकोत. १४.२ किलोच्या एका सिलिंडरइतकी उष्णता हवी तर सुमारे १३० किलो सुके, म्हणजे साडेआठशे ते नऊशे किलो ओले उल्वा. रापणकार यांनी सांगितलेला साठा बघता शेवाळ हे शेणाला जोड म्हणूनच वापरावे.

रोज दोन घनमीटर गॅस देणाऱ्या टाकीचे प्रमाण देतो. रोज ५० किलो शेण, ५० लिटर पाणी. त्यात १० किलो ओले उल्वा जोडले तर सेंद्रिय भाग सुमारे १.१ किलोने वाढतो, जादा गॅस एक-तृतीयांश घनमीटरच्या आसपास. घरच्या एका शेगडीला तासभर.

सुरुवात शेणावरच करा. टाकी नीट पेटू लागली की पहिल्या आठवड्यात रोज २ किलो, पुढे दर आठवड्याला २ किलोने वाढवत १० पर्यंत. जिवाणूंना मिठाची सवय व्हायला वेळ लागतो. सोडियम लिटरला साडेतीन ग्रॅमच्या पुढे गेले की त्रास सुरू होतो, ८ ग्रॅमला टाकी जवळपास बसते. वरच्या प्रमाणात न धुतलेला, फक्त निथळलेला माल टाकला तरी लिटरला दीड ग्रॅमच्या आतच राहते. पण पाणी वाचवायला विहिरीऐवजी खाडीचे पाणी मिसळले तर गणित उलटते. दक्षिण गोव्यातल्या किनारी विहिरी मार्चनंतर मचूळ होतात, तेव्हा ते पाणीही तपासा.

माल १-२ सेंटिमीटर कापा, कडबाकुट्टी चालते. उल्वाचे पापुद्रे अखंड टाकले तर आत येणाऱ्या नळीत बोळा बसतो. सरगॅसमचे फुगे फुटले नाहीत तर ते वर तरंगून जाड साय धरते, गॅस खाली अडकतो. वाळू गाळली नाही तर ती तळाला साचत जाऊन टाकीची जागा खाते आणि दोन-तीन हंगामांत ती उपसावीच लागते. डोम लोखंडी असेल तर खारट ओलावा आणि गंधक मिळून त्याला लवकर भोके पडतात, फायबरचा घ्या.

पीएच ६.८ च्या खाली, आंबूस वास, फेस, ज्योत शेगडीवरून उडते : ही टाकी बिघडत असल्याची लक्षणे. तीन-चार दिवस भरणे बंद, मग फक्त शेणकाला, गरज पडली तर चुन्याची निवळी थोडी थोडी. मार्चमध्ये काजूच्या बोंडांचा चोथा सुरू होतो आणि लोक तो एकदम ओततात. शेवाळावर चालणाऱ्या टाकीत हे करू नका, चोथा झपाट्याने आम्ल होतो. रोज २-३ किलोच्या वर नको.

रापणकार

बाब, खूप उपयोगी माहिती. पण गंधकाचे काय? कुजणाऱ्या उल्वाच्या ढिगाला जो सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावर २००९ साली अशाच ढिगाऱ्यात एक घोडा मेला होता आणि स्वार बेशुद्ध पडला होता. बंद टाकीत तर हे आणखी साठणार.

गोबरगॅस_फोंडा

साठतेच, आणि हा सगळ्यात गंभीर मुद्दा आहे. समुद्राच्या १ लिटर पाण्यात २.७ ग्रॅम सल्फेट. टाकीतले जिवाणू ते पूर्ण मोडतात तेव्हा जवळपास १ ग्रॅम हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे पाऊण लिटरच्या आत वायू. १ घनमीटर गॅसमध्ये हे दशलक्षात सुमारे ७०० भाग झाले. फक्त १ लिटर पाण्यातून! शिवाय उल्वानमधले गंधक वेगळे, ते धुतल्याने जात नाही. म्हणून माल निथळवा आणि एकदा गोड्या पाण्यातून काढा. दशलक्षात १०० भागांच्या पुढे नाकाला वास येणे बंद होते, काही शे भागांत माणूस कोसळतो. वास येत नाही म्हणून गॅस सुरक्षित, असे कधीही धरू नका. टाकीत उतरायचेच असेल तर रिकामी करून, दिवसभर हवा मारून, मापक लावून आणि वर दुसरा माणूस दोरासह उभा करूनच.

गाळणी लावा. ४ इंची पीव्हीसी पाइप, ६० सेंटिमीटर लांब, उभा. त्यात लेथच्या दुकानातला २-३ किलो लोखंडी किस, आधी मिठाच्या पाण्याने ओला करून तीन-चार दिवस चांगला गंजू द्यायचा. किस सैल भरा, दाबला तर गॅस पुढे जात नाही. आत ओलसर राहिला पाहिजे, बुडालेला नको. खाली पाणी सोडायला तोटी. गॅस खालून आत, वरून बाहेर.

रोज २ घनमीटर गॅस आणि दशलक्षात २००० भाग धरले तर दिवसाला साडेपाच ग्रॅम हायड्रोजन सल्फाइड. १ किलो गंज प्रत्यक्षात २०० ग्रॅम ओढतो असे मानले तरी महिनाभर चालते. बाहेरच्या तोंडाशी लेड अ‍ॅसिटेटचा ओला कागद धरा, काळा पडला की किस बदला. वापरलेला किस उघड्यावर, ओला ठेवून पसरा, हवेत तो पुन्हा गंजतो आणि परत वापरता येतो. तो तापतो, कोरडा राहिला तर पेटूही शकतो. गवताच्या गंजीजवळ किंवा गोठ्यात ठेवू नका.

आंबवण

गॅसचा मुद्दा मान्य. तरी इथेनॉल पूर्ण सोडू नये असे मला वाटते, फक्त कच्चा माल बदलावा. ग्रॅसिलेरियातून आगार काढल्यावर उरणारा चोथा बघा. मीठ आणि आगार निघून गेलेले, सेल्युलोज उरलेले. त्याला अ‍ॅसिड लागत नाही. पीएच ४.८ ते ५, ५० अंश, सेल्युलेज (सेल्युलोज तोडणारे विकर) ग्रॅममागे १० ते २० एफपीयू (त्याच्या ताकदीचे एकक), ४८ तास. मग ३२ अंशांवर आणून यीस्ट. द्रावण स्वच्छ, यीस्ट खूश. ऊर्जेचा आणि मजुरीचा भार आगारावर पडतो, इथेनॉल जोडउत्पन्न.

रापणकार

पण तेवढी ग्रॅसिलेरिया गोव्यात निसर्गतः नाही, लागवड करावी लागेल. तमिळनाडूत मंडपमच्या बाजूला कप्पाफायकस या लाल शेवाळाची ३ बाय ३ मीटरच्या बांबूच्या तराफ्यांवर ४५ दिवसांत कापणी होते, पण तिथले पाणी उथळ आणि आडोशाचे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर खवळलेला समुद्र तराफा ठेवणार नाही, आणि मांडवी-जुवारीच्या मुखांत पावसाळ्यात पाणी इतके गोडे होते की शेवाळ टिकत नाही. ऑक्टोबर ते मे एवढाच काळ. बी-माल पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या टाक्यांत जगवावा लागेल, तो खर्च आधी मांडा. कप्पाफायकस परदेशी आहे, मन्नारच्या आखातात ते प्रवाळावर पसरल्याच्या नोंदी आहेत. गोव्यात ते आणू नये.

कुळागर

टाकीतून बाहेर पडणारी मळी माडांना घातली तर चालेल का? आणि भाजीला?

गोबरगॅस_फोंडा

माडाला चालते, माड मीठ सोसतो. बुंध्यापासून दीड-दोन मीटरवर आळ्यात घाला, पावसाळ्याच्या तोंडाशी घातली तर जादा मीठ धुपून जाते. सुपारी आणि मिरवेलीला पाण्यात पातळ करून, थोडीच. केळीला नको, ती खारटाने लगेच करपते.

भाजीला सरगॅसमची मळी देऊ नका. तपकिरी शेवाळ समुद्रातले आर्सेनिक साठवते, त्याचा काही भाग विषारी अजैविक रूपात असू शकतो आणि तो टाकीत नाहीसा होत नाही. उल्वाच्या मळीत ही काळजी कमी, तरी उल्वा कुठून आणले ते महत्त्वाचे. सांडपाण्याच्या नाल्याच्या तोंडाशी ते सगळ्यात दाट वाढते आणि जड धातूही तिथेच उचलते. तिथले घेऊ नका.

परीक्षानळी

इथेनॉलच्या प्रयोगातून उरलेले द्रावण टाकीत ओतायचे असेल तर एक सूचना. चुन्याने पीएच वाढवला तरी जिप्सम थोडे विरघळलेलेच राहते, तेही सल्फेटच. सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक वापरले तर गंधक टळते, पण क्लोराइड वाढते आणि स्टीलची भांडी खाते. कॉलेजच्या एक-दोन लिटरला फरक पडत नाही.

टीवायबीएस्सी

मग मी दोन्ही शेजारी शेजारी करतो, एकाच उल्वातून इथेनॉल आणि गॅस. गॅससाठी टाकी नाही, बाटलीत जमेल का? आणि शेवाळ आणायला परवानगी लागते का?

गोबरगॅस_फोंडा

जमते. २ लिटरची जाड बाटली, त्यात चालू गोबरगॅस टाकीतला १.२ लिटर ताजा काला गाळून घ्या, त्यातले सेंद्रिय प्रमाण आधी भट्टीत जाळून काढा. उल्वाची पूड एवढीच, की काल्यातल्या सेंद्रिय भागाच्या निम्म्याहून जास्त होणार नाही. नाहीतर आम्ल होऊन बसते. पीएच ७ ते ७.५. दोन मिनिटे नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड सोडून हवा काढा, ३५ अंशांवर ठेवा, रोज एकदा हलवा. गॅस उलट्या मोजपात्रात, ३ टक्के कॉस्टिकच्या पाण्यातून घ्या. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड त्यात विरतात, उरते ते जवळपास मिथेन. कॉस्टिक संपले की आकडा फुगतो, म्हणून त्यात थायमॉलफ्थॅलीन घाला आणि निळा रंग गेला की बदला. नुसत्या काल्याची बाटली बाजूला हवीच, तिचा गॅस वजा करायचा. तीन बाटल्या प्रत्येकी, ३० दिवस.

रापणकार

प्रयोगापुरते चार-पाच किलो वाहून आलेले शेवाळ उचलायचे असेल तर कॉलेजच्या पत्रासह स्थानिक पंचायतीला कळवून ठेवा. व्यावसायिक वापर करायचा असेल तर जैवविविधता कायदा २००२ खाली गोवा राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवावे लागते. नमुन्याची जात नक्की करायला थोडे शेवाळ वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत विचारा. उल्वाच्या जाती नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाहीत, आणि स्टार्चचे प्रमाण जातीनुसार आणि महिन्यानुसार बदलते. म्हणून पुडीच्या डब्यावर जागा, तारीख आणि ओहोटीची वेळ लिहायला विसरू नका.